जासिबचं पाणी

मक्कियाच्या बोटांना ठसे नव्हते. मतदानाचं कार्ड काढायला आम्ही गल्लीतल्या सगळ्याजणी मिळून गेलो होतो, तेव्हा तिनं त्या काचेवर दहा वेळा बोट दाबलं आणि मशीन दहाही वेळा नाही म्हणालं. कारकून वैतागला. "मावशी, बोटं घरी विसरलात की काय?" मक्किया म्हणाली, "तंदूरात विसरले. भूक लागली की ये, रोटीला चिकटलेली मिळतील." रांगेतल्या बायका हसून हसून वाकल्या, कारकुनाला मात्र घाम फुटला.

एकतीस वर्षं ती अंगणातल्या तंदूरवर रोट्या भाजत होती. पहाटे तीनशे, संध्याकाळी दोनशे. कोपरापर्यंत हात आत घालायची, रोटी भिंतीला थापायची आणि फुगली की उघड्या बोटांनी ओढून काढायची. हातावर केस नाहीत, तळव्यावर रेषा नाहीत. चहाचा पेला आम्ही बुडाशी पदर धरून उचलायचो, ती सरळ मुठीत धरायची. "तुला काहीच लागत नाही का गं?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "लागतं ना. तुमचं बोलणं लागतं."

आणि तिचं आम्हाला लागायचं, ते वेगळंच. मक्कियाच्या जिभेला हाड नव्हतं. उम्म गैलानच्या पोटाला, फखरियाच्या सुनेला, माझ्या कुवारपणाला, कशालाच तिनं सोडलं नाही. मी बदरिया, गल्लीची शिंपीण. लग्न झालं नाही, पन्नाशी उलटली. गल्लीत पोरंबाळं नसलेल्या बायका दोनच, मक्किया आणि मी. पण तिला नवरा होता, जासिब. मला तोही नव्हता, हे ती मला विसरू द्यायची नाही.

जासिब बंदरावर हमाल होता. नऊ वर्षांपूर्वी जहाजाच्या तळात पडला आणि पाठीचा कणा मोडला. खांद्यांच्या खाली त्याला काही कळत नाही. सुई टोचा, निखारा ठेवा, त्याला पत्ता लागायचा नाही. वरचा माणूस मात्र शाबूत. बोलायचा, हसायचा, रेडिओशी भांडायचा. डॉक्टरनं मक्कियाला एकच गोष्ट बजावली होती: पडून पडून पाठीला जखमा होतील, घाम साचू देऊ नका, रोज गार पाण्यानं धुवा. एकदा का त्या जखमा चिघळल्या की माणूस हातचा जाईल. मक्कियानं ते असं धरलं की नऊ उन्हाळे जासिबच्या पाठीवर फोड आला नाही. आमच्या अंगावर घामोळ्यांची चाळण झालेली असायची, आणि त्याची पाठ बाळासारखी.

बसऱ्यात ऑगस्टमध्ये गार पाणी कुठून आणायचं? टाकी गच्चीवर. निळ्या खुणेचा नळ उघडला की चहाचं पाणी येतं. म्हणून मे महिना लागला की प्रत्येक घरात गीझर बंद होतो आणि लाल खुणेचा नळ हा गार नळ होतो. रात्री टाकीतलं पाणी जरा निवतं, ते पहाटे गीझरात भरून घ्यायचं. गीझर घरात, सावलीत, जाड कवचाचा, तेवढंच पाणी दुपारपर्यंत माणसाच्या कामाचं राहतं. पण त्यातून एक बादली काढली, की वरच्या टाकीतलं उकळतं पाणी तेवढंच आत शिरतं, आणि सगळ्याची वाट लागते. मक्किया आपल्या गीझरला दुपारी चारपर्यंत हात लावू द्यायची नाही. चारला ती जासिबला बंदरावरच्या मित्रांनी करून दिलेल्या चाकाच्या फळीवर घ्यायची, न्हाणीत ढकलायची आणि रबरी नळीनं आधी पाठ, मग पाय, मग शेवटी डोकं धुवायची. त्या पाण्याला सारी गल्ली 'जासिबचं पाणी' म्हणायची.

आता त्या दिवसाचं सांगते. शर्जी सुटली होती. हा आखातावरून येणारा वारा म्हणजे वारा नव्हेच, कोणीतरी तोंडावर ओलं घोंगडं दाबून धरावं तसलं काहीतरी. लाइट सकाळी दहालाच गेली होती. मला संध्याकाळी एका लग्नाचे झगे पोचवायचे होते आणि केसांना घामाचा असा वास येत होता की माझा मलाच नकोसा झाला होता. बादली घेऊन मक्कियाकडे गेले. ती अंगणात तंदूरची राख काढत होती.

"मक्किया, एक बादली दे गं. केस तेवढे धुते."

"जासिबचं पाणी आहे ते."

"अगं, एक बादली! त्याला काय समुद्र लागतो का?"

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "बदरिया, तू केस धुवून कोणाला दाखवणार आहेस? झगे नवरीचे आहेत. तुला कोण बघायला येणारंय?"

इतकं बोलून राख घेऊन ती गल्लीच्या टोकाला टाकायला गेली. मी तिथंच उभी. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! तीस वर्षांची मैत्रीण, माझ्या हातचे झगे घालून मिरवली, आणि ही भाषा? रिकामी बादली ठेवून मी घरात शिरले. बोळात, न्हाणीच्या दाराशी गीझरचं बटण आहे. त्याचा लाल दिवा कधीच फुटलाय. मी बटण दाबलं. टक्. लाइट नव्हतीच, तेव्हा काहीच झालं नाही. मनात एवढंच होतं की लाइट आली की हिचं लाडकं पाणी कोमट होईल, चारला ही नळ उघडून बोंबलेल, आणि आम्ही चौघी बसून आठवडाभर हसू. बोळाच्या समोर जासिबची खोली, दार उघडं. तो डोळे मिटून पडला होता. झोपलाय असं मी धरलं आणि बादली घेऊन निघून आले.

दीड वाजता नेहमीसारख्या आम्ही उम्म गैलानकडे जमलो. तिच्याकडे जनरेटरवर दोन पंखे चालतात, म्हणून सगळ्यांची दुपार तिथंच. गालिचे गुंडाळून ठेवलेले, उघड्या फरशीवर आम्ही पडलेल्या, मध्ये भेंडीची परात.

उम्म गैलान, म्हणजे गैलानची आई, मोठी धिप्पाड बाई. भेंडीचं डेख उडवत म्हणाली, "काल कपडे वाळत घातले, आज काढले, तर घातले त्यापेक्षा ओले. मी म्हटलं, पुन्हा धुवू की पिऊ?"

"तुझ्याकडे धुवायला साबण तरी उरतो," फखरिया म्हणाली. फखरियाच्या घरात सून आल्यापासून ती दुसरं काही बोलतच नाही. "आमच्या महाराणी दिवसातून तीनदा अंघोळ करतात. खाऱ्या पाण्याला फेस येत नाही म्हणून साबणाची वडी एका आठवड्यात संपवली. मी म्हटलं, बाई, तुझ्या माहेरी काय साबणाची विहीर होती?"

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? खोलीचं दार लावलं आणि पंखा आतल्या बाजूला घेतला. मेली!"

"पंखा घेतला, नवरा नाही ना घेतला?" उम्म गैलान म्हणाली.

"नवरा आधीच घेतलाय!"

हसण्याच्या धांदलीत मी हळूच दोघींना सांगून टाकलं. पोटात राहीना. उम्म गैलाननं मांडीवर थाप मारली. "या अल्ला! आज नवरदेवाला गरम हमाम!" फखरिया तोंडात पदर कोंबून हसली. "तिला आधी कळू देऊ नका. चेहरा बघायचाय मला." एकीनंही म्हटलं नाही, अगं जा, बंद करून ये. मीही उठले नाही.

तेवढ्यात मक्किया आली. कपाळावर पीठ, झग्यावर घामाचे पांढरे नकाशे. आल्या आल्या मला म्हणाली, "काय गं, केस धुतलेस? वास अजून येतोय." मी भेंडी चिरत राहिले. मनात म्हटलं, थांब, चारला बघते तुझ्याकडे.

"बस, बस," उम्म गैलान म्हणाली. "सांग, तुझ्या अंगणातले खजूर पिकले का?"

"या उकाड्यात खजूर पिकताहेत आणि आपण सडतोय," मक्किया म्हणाली आणि पंख्यासमोर पाय पसरून बसली. "तंदूरपाशी मला जरा गार वाटतं बाई आजकाल. निदान तिथली धग कोरडी असते."

तीन वाजता लाइट आली. सबंध गल्ली ओरडली. पोरं, बाया, म्हातारे, सगळ्यांनी एकदम 'आली, आली!' केलं. उम्म गैलाननं भिंतीवरच्या एसीचं बटण दाबलं आणि जिभेनं ललकारी घातली, अगदी लग्नातल्यासारखी. आम्हीही घातली. मीही. तोंडावर गार झोत आला आणि खरं सांगते, माझ्या डोक्यातून गीझर साफ उडाला.

चार वाजले. मक्किया उठायला लागली. "जाते. माझा राजा वाट बघत असेल."

"अगं बस ना!" मीच म्हणाले. मीच तिला हात धरून खाली ओढलं. "नऊ वर्षं चार म्हणजे चार. आज लाइट आहे, त्याच्या खोलीत पंखा आहे. तासभर जीव गार कर की."

ती थांबली. कधी नव्हे ती थांबली. एसीखाली आडवी झाली, डोळे मिटले, म्हणाली, "जासिबला सांगू नका हं, मी इथं राणीसारखी पडलेय." आणि तिला चक्क झोप लागली. तोंड उघडं, हात पसरलेले, ते गुळगुळीत तळवे वर. तासभर झोपली. आम्ही हळू आवाजात साबणावर, पाण्यावर, सुनेवर बोलत राहिलो. पाच वाजता ती दचकून उठली आणि चपला हातात घेऊनच पळाली.

पाव तासानं जासिबची किंकाळी आली.

फखरियानं पहिल्यांदा हसून टाकलं. "झालं! हमाम सुरू." उम्म गैलानही हसली. मग दुसरी किंकाळी आली आणि कोणीच हसलं नाही. आम्ही अनवाणी धावलो.

फळीवर जासिब पालथा होता. मक्कियानं रोजच्यासारखी पाठ धुतली होती, मग पाय धुतले होते, सावकाश, एकेक बोट. त्याला काही कळलं नाही आणि तिच्या हातांना काही कळलं नाही. न्हाणीतल्या वाफाऱ्यात वेगळी वाफ दिसायचा प्रश्नच नव्हता, सगळी हवाच तशी होती. शेवटी नळी डोक्यावर धरली तेव्हा तो ओरडला. तोवर पाठीची कातडी, ती नऊ वर्षं जपलेली कातडी, तिच्या हातातल्या धुवायच्या फडक्याला लागून येत होती.

मक्किया नळीखाली हात धरून उभी होती. पुन्हा पुन्हा हात उलटा करत होती, सुलटा करत होती. "गार आहे ना? बदरिया, गार आहे ना गं? बघ ना तू. मला तर गार लागतंय."

मी बोट लावलं आणि ओढून घेतलं. उम्म गैलान बोळातून म्हणाली, "अगं, बटण चालू आहे!" आणि तिनं ते बंद केलं. बंद करताना तिनं माझ्याकडे बघितलं. फखरियानंही बघितलं.

मक्किया फरशीवर खाली बसली. "मीच दाबलं असणार. पहाटे पाणी भरताना, झोपेत, सवयीनं. हिवाळ्यातली सवय. मीच." मग तिनं आपले दोन्ही हात भिंतीवर आपटले. किती तरी वेळ आपटले. ते तरी लागले का, कोण जाणे.

जासिबला इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर उम्म गैलाननं मला कोपऱ्यात घेतलं. "तोंड उघडशील तर आम्हालाही ओढशील. झालं ते झालं. तिनं स्वतःच मान्य केलंय ना?" फखरियानं मान हलवली. आणि मी, पोटात काही न राहणारी बदरिया, तोंडाला कुलूप घालून बसले. आम्ही पाळी लावून डबे नेले. भात, भेंडी, तळलेला मासा. मक्किया आमच्या गळ्यात पडून रडायची. "तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं?" याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही, तरीही मी बोलले नाही. लाज नव्हती असं नाही. भीती जास्त होती.

पाच आठवड्यांनी जासिब घरी आला. जगला, पण पाठ गेली. कुठं जखम, कुठं ताणलेली लाल साल, आणि ती रोज कुठं ना कुठं फुटायची. आता हा हिवाळा निघाला तर निघाला, असं डॉक्टर मक्कियालाच तोंडावर म्हणाले.

मक्कियानं तंदूर विझवला. गिऱ्हाईकं दारात येऊन परत गेली. "हे हात माझे नाहीत," म्हणायची. "यांच्यावर माझा विश्वास नाही." टोमणे मारणं सोडलं. मला म्हणाली, "बदरिया, तुझे हात शिंपिणीचे, नाजूक. तू रोज चारला येत जा. पाण्यात हात घालून मला सांगत जा. आणि बटण बघत जा. तुझ्याशिवाय माझा कोणावर भरवसा नाही."

तेव्हापासून मी रोज चारला जाते. बोळात शिरायचं, बटण बघायचं, म्हणायचं 'बंद आहे'. न्हाणीत जायचं, नळाखाली हात धरायचा, म्हणायचं 'ठीक आहे'. जासिब आपल्या खोलीतून बघत असतो. पूर्वी मला बघून म्हणायचा, 'आली बघ शिंपीण, माझं कफन मापात शिव हं!' आता काही म्हणत नाही. रेडिओही लावत नाही.

ऑक्टोबर संपला. उत्तरेचा वारा सुरू झाला आणि एका दुपारी टाकीचं पाणी खरोखर गार आलं. सगळ्या घरांतून गालिचे बाहेर पडले, नळ पुन्हा आपापल्या खुणेला आले. मक्किया खांद्यावर टॉवेल टाकून बोळात उभी होती.

"आजपासून गीझर लागणार," ती म्हणाली. "जखमेला गार पाणी सोसत नाही त्याला. पण मला हात लावायचा धीर नाही. तू दाब."

"मी?"

"तूच. बिस्मिल्ला म्हण आणि दाब."

मी दाबलं. टक्.

खोलीतून जासिब म्हणाला, "हां. हाच."

मक्किया वळली. "हाच काय?"

"हाच आवाज. त्या दुपारचा. तू राख टाकायला गेली होतीस तेव्हाचा." त्याचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसा. "मी डोळे मिटून होतो. मला वाटलं, तूच परत आलीस. मग बादलीच्या कडीचा आवाज आला. आपली बादली तर न्हाणीत होती."

मक्किया माझ्याकडे बघत राहिली. माझं बोट अजून बटणावरच होतं. मला काढता येईना. "मक्किया," मी म्हणाले, "मला वाटलं नुसतं कोमट होईल... मी फक्त..." रागाच्या भरात केलं, असं म्हणायचं होतं. एका बादलीसाठी केलं, असं ते ऐकू आलं असतं.

ती ओरडली नाही. मला एक वाईट शब्द बोलली नाही. एवढी वर्षं तिची जीभ सहन केली, त्या दिवशी मी त्या जिभेची वाट बघत होते, आणि ती आली नाही.

"बस," ती म्हणाली. "पाणी तापू दे."

आम्ही बोळातच बसलो, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. तासभर. खोलीत जासिबचा श्वास ऐकू येत होता. बाहेर कोणीतरी गालिचा बडवत होतं. मी उठून जाऊ शकले असते. दार उघडं होतं.

मग ती उठली, न्हाणीत गेली आणि लाल खुणेचा नळ सोडला.

"ये. बघ पाणी कसं आहे."

मी धारेखाली हात धरला. तिनं आपला हात माझ्या मनगटावर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. तोही धारेखालीच होता.

"कसं आहे?"

"गरम आहे, मक्किया."

"किती?"

"खूप. सोसत नाही."

"मला कळत नाही ना," ती म्हणाली. "नीट बघून सांग."